शेळगावची हजेरी

काल गच्चीत वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर काजळीच्या बारीक काड्या येऊन बसल्या होत्या. त्यांना हात लावायचा नसतो, नुसती फुंकर मारायची असते. हे मला चांगलं ठाऊक आहे. तरी मी हात लावला, काळा फराटा उमटला आणि चादर पुन्हा बादलीत गेली. साखर कारखान्याचा बॉयलर पेटला म्हणायचा. आता होळीपर्यंत बारामतीत हेच चालायचं. पहाटे मळीचा आंबूसगोड वास, रस्त्यात पडलेलं उसाच्या शेंड्यांचं वाढं, उसाच्या ट्रॅक्टरमागं कण्हत चाललेली एसटी, आणि शाळेत उशिरा येणाऱ्या प्रत्येक मुलीचं एकच कारण, "बाई, फुडं उसाच्या गाड्या हुत्या."

बाकीच्यांना हा वास नकोसा होतो. माझ्या सासूबाई नाकाला पदर लावून बसतात. मला मात्र तो आला की कान टवकारावेसे वाटतात. नाकाचा आणि कानाचा असा संबंध दुसऱ्या कुणात नसेल, माझ्यात आहे, आणि तो समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय.

मी मुलींच्या शाळेत शास्त्र शिकवते आणि मला हौशी रेडिओचा नाद आहे. घरात बसून बिनतारी यंत्रावर दूरच्या माणसांशी बोलायचं, असा तो नाद. त्यासाठी सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा, यंत्र जमेल तितकं आपल्या हातानं जुळवायचं. एवढा खटाटोप करून बोलायचं काय, तर माझा आवाज कसा येतोय आणि तुमचा कसा येतोय. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की हेच विचारायचं असेल तर गॅलरीतून शेजारणीला विचार, वीज वाचेल. मी त्यांच्याशी वाद घालत नाही. ज्याला नाद नाही त्याच्याशी नादाबद्दल बोलणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

सकाळी सातच्या सुमाराला आम्ही आठ-दहा जण एका ठरलेल्या जागी भेटायचो. जागा म्हणजे रेडिओच्या पट्टीवरची जागा. तिथं ना पार, ना चहाची टपरी, नुसती बारीक खरखर. थंडीच्या दिवसांत ती खरखरही बसते आणि माणसाचा आवाज अगदी कानाशी येतो. दौंडचे नाना रेल्वेत होते. ते बोलत असताना मागं इंजिन शिट्टी मारायचं आणि ते शिट्टी संपेपर्यंत अदबीनं थांबायचे. कन्हेरीचे हमीदभाई आधी खोकायचे, मग बोलायचे. त्यांच्याकडं एक कोंबडा होता, तो त्यांच्या प्रत्येक वाक्याला दुजोरा द्यायचा. माझ्या बाजूनं काय ऐकू जायचं, तर खालची पिठाची गिरणी. मी पहिल्या मजल्यावर राहते, आणि गिरणी चालू झाली की माझ्या खोलीतल्या कपबशासुद्धा थरथरतात.

आणि शेळगावचे आबा. लष्करात बिनतारी खात्यात नोकरी करून आलेले, मग घरच्या उसात आणि डाळिंबात रमलेले. आम्ही बाकीचे यंत्रासमोर बसलो की उगाच पुस्तकी बोलायला लागायचो. आबा घरात बोलायचे तसंच आकाशात बोलायचे. सगळ्यांची हजेरी तेच घ्यायचे.

"दौंड, हायसा का? कन्हेरी, हायसा का? बारामतीची बाय, हायस का गं?"

कुणाचं उत्तर आलं नाही तर ते पुढं जात नसत. थांबायचे. पुन्हा नाव घ्यायचे, पुन्हा थांबायचे. मला ह्या थांबण्याचा फार राग यायचा. कुकर लावलेला, शाळेची घंटा डोक्यात वाजत असलेली, आणि हे एखाद्या गाढ झोपलेल्या माणसासाठी सगळ्यांना ताटकळत ठेवणार. एकदा मी तोंडावर बोलून दाखवलं. ते हसले. म्हणाले, त्यांच्या वडलांकडं मेंढरं होती. सांजच्याला एखादं मेंढरू ओ देईना झालं तर म्हातारा मेंढवाड्याचं दार लावू द्यायचा नाही, तिथंच उभा राहून हाळी द्यायचा. "एकाला सोडून फुडं गेलं की त्यो कळप ऱ्हात न्हाय बाय." मेंढरं त्यांच्या लहानपणीच गेली, रानात ऊस आला. हाळी तेवढी राहिली होती.

आमच्या ह्या मंडळाचा एक कडक नियम होता आणि तो परवान्यावरच असल्यासारखा आम्ही पाळायचो. घरातलं, धंद्यातलं, देण्याघेण्यातलं काही हवेत बोलायचं नाही. त्यामुळं नाव आणि गाव, एवढीच ओळख. नानांना पडसं झालं की मला पहिल्या शब्दाला कळायचं. आबांनी तंबाखू खाल्लीय की नाही तेही कळायचं. पण त्यांच्यापैकी एकाचंही तोंड मी पाहिलेलं नव्हतं, आणि दौंडात उतरून नानांचं घर शोध म्हटलं असतं तर मला स्टेशनच्या बाहेरसुद्धा जाता आलं नसतं. भेटायचे बेत आम्ही दर दिवाळीला करायचो. आबा म्हणायचे, कशाला, भेटलो की बोलायचं संपतं.

त्या वर्षी उसाचं गाळप नुकतंच सुरू झालं होतं. असंच धुकं, असाच वास. सातला मी यंत्र लावलं आणि हजेरी झाली नाही. आधी कुणाला काही वाटलं नाही. नाना म्हणाले, लाइट गेली असेल. हमीदभाई म्हणाले, लाइट गेली तर आबा ट्रॅक्टरची बॅटरी जोडतात. कुणीतरी म्हणालं, उसाला तोड आली असेल, रानात गेले असतील. आम्ही थोडं हसलो, उद्या आबांची हजेरी आपण घेऊ म्हणालो.

मी शाळेतून आल्यावर पुन्हा लावून पाहिलं. संध्याकाळी पुन्हा. शेळगाव, शेळगाव, शेळगाव. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळेच पाळीपाळीनं हाका मारत होतो. हाक मारायची, बटण सोडायचं आणि ऐकायचं. खरखरीत इतका वेळ ऐकत राहिलं की माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात. मला दोनदा वाटलं, आबांनी घसा खाकरला. माझा स्वतःचा घसा बसला होता. सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, किती हाका मारतेस? लोकांना वाटेल घरात भांडण लागलंय." मी त्यांच्यावर ओरडले. शेळगावात तेव्हा फोन होता तो म्हणे कुठल्याशा दुकानात, आणि त्याचा नंबर आमच्यापैकी कुणाकडंच नव्हता. सगळ्या जगाशी बोलणारी माणसं आम्ही, आणि पंचवीस किलोमीटरवरच्या माणसाला गाठायचं कसं ते आम्हाला कळेना.

तिसऱ्या दिवशी हमीदभाई त्यांची लूना काढून शेळगावला गेले. चौथ्या दिवशी सकाळी ते हवेत आले. आधी नियमाप्रमाणं आपला कॉलसाइन सांगितला, म्हणजे सरकारनं दिलेली ओळखीची अक्षरं. नीट, सावकाश, एकेक अक्षर. मग म्हणाले, "आबा गेलं."

आणि बटण सोडलं. कोंबडा आरवला नाही, म्हणजे आरवला असेल, बटण सुटल्यावर आम्हाला कुठून ऐकू येणार.

घरी कुणी गेलं तर माणसं येतात, शेजारी बसतात, पाठीवर हात फिरवतात, कुणीतरी चहा करतं. हवेत यातलं काही करता येत नाही. आमच्याकडं एक बटण असतं, ते दाबलं की आवाज जातो, सोडलं की जात नाही. रडू आलं की बटण सोडायचं, एवढंच आम्हाला जमत होतं. त्या सकाळी सारखी खटखट चालली होती. माणूस दोन शब्द बोलायचा आणि सोडायचा. नाना "आबांनी मला" इथपर्यंत तीन वेळा आले आणि तिन्ही वेळा थांबले. मीही माझ्या खोलीत यंत्राशी बसून रडत होते, आणि माझं रडणं भिंतीपलीकडच्या सासूबाईंना ऐकू जात होतं, पण ज्यांना ते ऐकायला हवं होतं त्यांना जात नव्हतं.

दहाव्याला आम्ही शेळगावला गेलो. आपापले गेलो, कारण कुणालाच कुणाचं घर माहीत नव्हतं. ओढ्याच्या काठी चिक्कार माणसं होती. पांढरी टोपी, पांढरी टोपी, पुन्हा पांढरी टोपी. यातले नाना कोण, हमीदभाई कोण? मी बायकांत उभी राहून एकेक चेहरा बघत होते. मग मागून कुणीतरी विचारलं, "पिंडाला कावळा शिवला का?" आणि बाभळीखालचा एक काळासावळा, लुंगीतला माणूस चटकन वळला, झाडाच्या त्या बाजूचा चष्मेवाला वळला, मी वळले. आम्ही चेहऱ्यानं कुणीच कुणाला ओळखत नव्हतो आणि नानांच्या आवाजाला सगळे एकदम वळलो. बारीक शरीराचे, माझ्या खांद्याला लागतील एवढे होते नाना. इतकी वर्षं मी त्यांना चांगलं धिप्पाड करून ठेवलं होतं.

कावळा लवकर शिवेना. लोक म्हणत होते, उसाचं राहिलं असेल मनात, डाळिंबाचं राहिलं असेल. त्यांच्या पुतण्यानं बागेचा शब्द दिला, बैलांचा दिला. लुंगीतले ते हमीदभाई माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बाई, हजेरी ऱ्हायलीय त्यांची."

नंतर आम्ही आबांच्या घरी गेलो. माजघरात बायका बसल्या होत्या. मी दारातल्या एका मुलीला पाणी मागितलं, एवढंच बोलले. आतल्या अंधारातून आवाज आला, "ही बारामतीची बाय."

त्या आक्का, आबांच्या मालकीणबाई. मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. पण त्या मला रोज ऐकत आल्या होत्या. सकाळी चुलीपाशी भाकरी थापताना आबांचं यंत्र त्यांच्या पाठीशीच चालू असायचं. त्यांनी माझा हात धरून मला जवळ बसवलं आणि जे सांगितलं ते कुठलीही तक्रार न करता, बाजारातून आणलेल्या वस्तू सांगाव्यात तसं सांगितलं.

आबांना पहाटे रक्ताची उलटी झाली. गावातल्या एका जीपमधनं त्यांना बारामतीच्या दवाखान्यात आणलं. दवाखाना माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडं. आम्ही हवेत "लाइट गेली असेल" म्हणून हसत होतो तेव्हा आबा तिथं खाटेवर होते. पुतण्यानं रक्त दिलं, तेवढ्यानं भागेना, म्हणून तो आणखी माणसं आणायला गावाकडं परत निघाला आणि उसाच्या गाड्यांत अडकला. आक्का एकट्या राहिल्या. आबा शुद्धीवर होते. त्यांनी विचारलं, हजेरी कोण घेतंय. मग म्हणाले, बायला कळव. आक्का म्हणाल्या, बाय राहती कुठं? आबांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, "गिरनीपाशी."

तेवढ्या पत्त्यावर ती बाई बारामतीत निघाली. दुपारभर गिरण्या हुडकत होती. बारामतीत गिरण्या काय एक-दोन आहेत? प्रत्येक गिरणीपाशी उभं राहायचं आणि कान देऊन ऐकायचं, हीच का ती. आमच्या गिरणीपाशी आल्यावर त्यांना आवाज ओळखू आला. पट्ट्याचा जोड चाकावर येतो तेव्हा एक ठोका बसतो, तो आबांच्या यंत्रातनं त्यांनी रोज ऐकलेला. त्यांनी गिरणीवाल्याला विचारलं, "रेडिओवर बोलनारी बाय कुठं ऱ्हाती?" तो म्हणाला, हितं अशी कुणी बाई न्हाय. त्याचंही खरं होतं. गल्लीत मी मास्तरीणबाई. गच्चीवरची माझी तार सगळ्यांना टीव्हीची वाटते. मी शाळेत होते, सातवीला पाण्याचं उकळणं शिकवत होते. आक्का माझ्या जिन्याशी थोडा वेळ टेकल्या, आणि उशीर होतोय म्हणून उठून गेल्या. दिवेलागणीला पुतण्या माणसं घेऊन आला तेव्हा आबा गेले होते.

"दाक्तर म्हनलं, मानसं आना," आक्का म्हणाल्या. "आता मला गावची सोडून ठावकी मानसं म्हंजी तुमीच हुता."

मला कुणाचा राग येतो ते मला आजही सांगता येत नाही. गिरणीवाल्याचा नाही, पुतण्याचा नाही, उसाच्या गाड्यांचाही नाही. पण तो येतो, आणि ह्या वासाबरोबर येतो. आबांच्या रक्ताचा गट कोणता होता, माझा जुळला असता का, हे मी आजपर्यंत कुणाला विचारलेलं नाही. विचारण्याची हिंमत नाही.

परतताना एसटीत नाना, हमीदभाई आणि मी, आम्ही तिघंही गप्प होतो. भेटलो की बोलायचं संपतं, हे आबांचं म्हणणं इतकं खरं होईल असं वाटलं नव्हतं. बारामतीत उतरल्यावर हमीदभाई म्हणाले, उद्यापासून हजेरी बाईंनी घ्यायची. मी नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी सातला कुणीच घेईना, तेव्हा मीच घेतली. दौंड, हायसा का. कन्हेरी, हायसा का. माझ्या तोंडी ते शब्द उसने वाटत होते. शेवटी मी शेळगावचं नाव घेतलं आणि थांबले. आम्ही सगळे थांबलो. मग मी पुन्हा नाव घेतलं आणि पुन्हा थांबले, त्यांची पद्धत होती तसं.

मग नानांनी बटण दाबलं आणि आमचा नियम मोडला. ते म्हणाले, "मी दौंडहून बोलतोय. स्टेशनच्या मागं, पाण्याच्या टाकीला लागून जी रेल्वेची घरं आहेत, त्यातलं कडेचं घर. दाराला हिरवा रंग आहे." हमीदभाई म्हणाले, "कन्हेरी. मशिदीकडनं खाली आलं की कवठाचं झाड लागतं, तिथं कुनालाबी इचारा." मी म्हणाले, "बारामती. गिरणीच्या वर. जिन्यात जास्वंदीचा डबा आहे. खाली मास्तरीणबाई म्हणून विचारायचं." बाकीच्यांनीही आपापली घरं सांगितली. कुणासाठी सांगतोय ते कुणी बोललं नाही. पुतण्यानं दहाव्याला सांगितलं होतं की काकी यंत्र बंद करू देत नाही, बॅटरी उतरली की चार्ज करून आणायला लावते. तिला ऐकू येईल, पण परवाना नसल्यानं बोलता येणार नाही.

त्या सबंध हंगामात आम्ही रोज सकाळी घरांचे पत्ते सांगत राहिलो. झाडं सांगितली, दारं सांगितली, दारातली कुत्री चावतात की नाही ते सांगितलं. पलीकडं कुणी ऐकतंय की नाही हे कळायला मार्ग नव्हता. एखाद्या दिवशी मला वाटायचं, आपण वेडे झालोय. माणूस होता तेव्हा पत्ता दिला नाही आणि आता खरखरीला देतोय. आता घरोघर फोन आलेत. माझ्याकडंही आहे, आणि त्याच्या शेजारच्या भिंतीवर पेन्सिलीनं सगळ्यांचे नंबर लिहिलेत.

त्या वर्षीचं गाळप संपत आलं होतं. मळीचा वास विरला होता, पळस फुलला होता. एक दिवस सकाळी साडेसहाला जिन्यात पावलं वाजली. दार उघडलं तर आक्का. डोक्यावर पदर, हातात पिशवी. पिशवीत डाळिंबं. पहिल्या एसटीनं आल्या होत्या.

"गावला पत्ता," म्हणाल्या. "जास्वंदीला पानी घाला, सुकलीय."

मी चहा टाकला. त्यांनी घेतला नाही. त्यांना फक्त यंत्रापाशी बसायचं होतं. सात वाजले. दौंड, हायसा का. कन्हेरी, हायसा का. हमीदभाई खोकले तेव्हा आक्का किंचित हसल्या. आज कोण आलंय हे मी कुणाला सांगितलं नाही. शेवटी शेळगावचं नाव आलं. मी ते घेतलं, बटण सोडलं आणि त्यांच्याकडं न बघण्याचा प्रयत्न केला.

त्या पुढं वाकल्या होत्या. यंत्राच्या जाळीकडं टक लावून बघत होत्या. त्यांना आबांचं उत्तर हवं होतं. खुणेचं नाही, आठवणीतलं नाही. खरोखरीचं उत्तर येईल म्हणून ती बाई पहिल्या एसटीनं आली होती, घरातल्या यंत्रातनं येत नाही तर कदाचित इथल्या यंत्रातनं येईल म्हणून. मला तिला हात लावायचं धाडस झालं नाही. मी पुन्हा नाव घेतलं. खरखर. पलीकडं दौंडला, कन्हेरीला सगळे थांबलेले. पुढं जावं कसं ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात खाली गिरणी चालू झाली. कपबशा थरथरल्या. पट्ट्याचा जोड फिरून आला आणि ठोका बसला, पुन्हा फिरून आला आणि पुन्हा बसला. आक्कांनी मान वर केली.

"घरी यंत्र चालूच ठिवून आलीया," त्या म्हणाल्या. "तितं आयकू जात आसंल का आता ह्ये?"

बटण दाबल्याशिवाय जात नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही. मी माइक उचलला, खिडकी उघडली, हात बाहेर काढला आणि शेळगावच्या त्या रिकाम्या घरासाठी बटण दाबून धरलं.